यात्रा, दीक्षा आणि संमेलन : बहुभाषिक चंद्रपूर नगरातील मेळाव्यांचा इतिहास

प्रस्तावना

महाविद्यालयीन अध्यापकाच्या जीवनात परिषद, अधिवेशन, चर्चासत्र आणि संमेलन या गोष्टी आज नित्याच्या झाल्या आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी अध्यापकाच्या शैक्षणिक कामगिरीच्या मोजमापात परिषदेतील निबंधवाचनाला गुण दिले आणि त्यानंतर तालुक्याच्या गावच्या महाविद्यालयांतूनही चर्चासत्रे भरू लागली. परगावचा अध्यापक सकाळी येतो, नोंदणी करतो, निबंध वाचतो, दुपारचे भोजन घेतो आणि प्रमाणपत्र हाती पडताच संध्याकाळच्या गाडीने परततो. ज्या गावी परिषद भरली त्या गावाशी तिचा संबंध काय, हा प्रश्न विषयपत्रिकेत सहसा नसतो. यजमान गाव म्हणजे एक सभागृह आणि एक प्रेक्षणीय स्थळ एवढाच अर्थ शिल्लक राहतो.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न चंद्रपूर नगराच्या संदर्भात इतिहासाच्या अंगाने तपासला आहे. त्यासाठी चंद्रपूरची निवड करण्याचे कारण असे की, या नगरात दूरदूरच्या माणसांनी एकत्र येण्याच्या किमान तीन भिन्न परंपरा दिसतात. पहिली महाकालीच्या यात्रेची, दुसरी १९५६ च्या धम्मदीक्षेची आणि तिसरी साहित्य संमेलनांची. या तिन्ही प्रसंगी नगर तेच होते. परंतु कोण आले, कोणत्या भाषेत बोलले गेले आणि कोण ऐकत राहिले, या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक वेळी निराळी होती. त्या निराळेपणातून संमेलन आणि परिषद या आधुनिक संस्थांच्या मर्यादा व शक्यता स्पष्ट होतात, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

नगराची जडणघडण

चंद्रपूर हे इरई आणि झरपट या नद्यांच्या सान्निध्यात वसलेले गोंड राजांचे राजधानीचे नगर. परंपरेनुसार खांडक्या बल्लाळशहाने आपली राजधानी बल्लारपूरहून येथे आणली. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा ही परकोटाची चार द्वारे व पाच खिडक्या आजही नगराच्या भूगोलाचा भाग आहेत. रोजच्या बोलण्यात पत्ता सांगताना याच नावांचा आधार घेतला जातो. अकबराच्या काळातील ‘ऐन-ई-अकबरी’ या ग्रंथात चांद्याच्या गोंड सत्ताधीशाचा उल्लेख येतो. १७५१ मध्ये हे राज्य नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेले, १८१८ मध्ये इंग्रजांनी चांद्याचा किल्ला जिंकला आणि भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर हा प्रदेश थेट इंग्रजी अमलाखाली आला. १८५८ मध्ये मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव पुलेश्वर शेडमाके यांनी केलेल्या उठावाची अखेर त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात त्यांना दिलेल्या फाशीने झाली.

या राजकीय इतिहासाच्या तळाशी एक भाषिक इतिहास आहे. गोंडांची भाषा द्राविड कुळातील असून ती मराठीपेक्षा तेलुगूला अधिक जवळची आहे. राज्यकर्त्यांची भाषा गोंडी, दक्षिणेकडून आलेल्या व्यापाऱ्यांची तेलुगू, भोसल्यांच्या कारभाराची मराठी, अशा भाषा या नगरात एकावर एक न चढता शेजारी शेजारी नांदल्या. लालपेठ भागातील अपूर्ण राहिलेल्या प्रचंड एकपाषाणी मूर्ती परंपरेने रायप्पा नावाच्या कोमटी धनिकाच्या नावावर सांगितल्या जातात. कोमटी हा तेलुगू भाषक व्यापारी समाज. गोंड राजधानीत एका तेलुगू व्यापाऱ्याने देवालयाचा एवढा मोठा संकल्प करावा, ही आठवण नगराच्या मिश्र स्वरूपाची साक्ष देते.

इंग्रजी राजवटीत या मिश्रणात भर पडली. १८६० मध्ये सिरोंचा हे केंद्र धरून अप्पर गोदावरी जिल्हा निर्माण करण्यात आला आणि १८७४ मध्ये तो मोडून त्याचा भाग चांदा जिल्ह्याला जोडण्यात आला. त्यामुळे प्राणहिता व गोदावरीच्या संगमाकाठचा तेलुगू भाषक मुलूख चांद्याच्या कारभारात आला. वरोऱ्याच्या कोळसा खाणीने रेल्वे आणली. १९२९ मध्ये काझीपेठ ते बल्लारशाह हा लोहमार्ग पूर्ण झाल्यावर दिल्ली आणि मद्रास ही शहरे याच मार्गाने सरळ जोडली गेली. उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या या स्थानकावर मराठी, हिंदी आणि तेलुगू ऐकू येणे हा अपघात नसून रेल्वेच्या नकाशाचा परिणाम आहे. पुढे निजामाच्या राज्यातील राजुरा तालुका १९५६ मध्ये नांदेड जिल्ह्यात आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात आला. त्याबरोबर उर्दू कारभाराची आठवण असलेला, तेलुगू, गोंडी आणि कोलामी बोलणारा प्रदेशही आला. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहती चामोर्शी व मुलचेरा परिसरात वसल्या. राष्ट्रीयीकरणानंतरच्या कोळसा खाणी, बल्लारपूरची कागद गिरणी आणि १९८३-८४ पासून वीज देऊ लागलेले औष्णिक विद्युत केंद्र यांनी देशाच्या अनेक प्रांतांतील कामगार येथे आणले.

या सर्वांच्या खाली झाडीबोलीचा अखंड प्रवाह आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग येथील, ही मराठीची बोली. तिच्यात प्रमाण मराठीतील ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘र’ ऐकू येतो. ज्या शिक्षकाला हे भाषाशास्त्रीय वैशिष्ट्य ठाऊक नाही, तो यालाच अशुद्ध उच्चार समजतो आणि विद्यार्थी वर्गात बोलण्याचे टाळू लागतो. म्हणजे चंद्रपूरच्या बहुभाषिकतेचा प्रश्न मराठी आणि अमराठी यांच्यापुरता मर्यादित नाही. तो मराठीच्या आतही आहे.

यात्रा : एका भाषेची अट नसलेला मेळावा

महाकालीचे मंदिर गोंड राजा बीरशहाची पत्नी राणी हिराई हिने उभारले, असे मानले जाते. बीरशहाची समाधीही तिनेच बांधली. चैत्र महिन्यात येथे देवीची मोठी यात्रा भरते. तिचे लक्षणीय वैशिष्ट्य म्हणजे येणारे बहुसंख्य भाविक चंद्रपूरचे नसतात. नांदेड, परभणी, हिंगोली या मराठवाड्यातील जिल्ह्यांतून आणि आजच्या तेलंगणातून ते येतात. झरपटेत स्नान करून देवीचे दर्शन घेतात, नदीकाठच्या परिसरात मुक्काम करतात आणि पौर्णिमा झाल्यावर परततात.

मराठवाडा व तेलंगणा हे प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते आणि चांदा ब्रिटिश मध्यप्रांतात होता. राजकीय सीमा आडवी असूनही भाविकांची वाट चालू राहिली. १९५६ ची भाषावार प्रांतरचना आणि २०१४ ची तेलंगणा राज्याची निर्मिती यांनीही ती मोडली नाही. यात्रेची रचनाच अशी की, तीत सहभागी होण्यासाठी एका भाषेची अट नसते. तेलुगू बोलणारी स्त्री आणि मराठवाडी बोलणारा शेतकरी एकाच रांगेत उभे राहतात. त्यांना एकमेकांचे शब्द कळले नाहीत तरी कृती कळते. यात्रा भाषा जोडत नाही, ती भाषेला बाजूला ठेवते. हे तिचे सामर्थ्य आहे आणि मर्यादाही. यात्रेत विचारांची देवाणघेवाण होतेच असे नाही आणि नगरही यात्रेकरूंना पाणी व निवारा पुरवण्यापलीकडे त्यांच्याशी फारसे बोलत नाही.

दीक्षा : १६ ऑक्टोबर १९५६

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बौद्ध धम्म स्वीकारला, हे सर्वश्रुत आहे. दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर रोजी, त्यांनी चंद्रपूर येथे दुसरा दीक्षा सोहळा केला. या सोहळ्याच्या घडणीत चंद्रपूरचे बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचा पुढाकार महत्त्वाचा होता. ते पुढे राज्यसभेचे उपसभापती झाले. दीक्षास्थळाच्या परिसरात आज डॉ. आंबेडकर महाविद्यालय उभे असून दरवर्षी ऑक्टोबरच्या मध्यास तेथे अनुयायांचा मोठा मेळावा भरतो.

मेळाव्याचा एक प्रकार म्हणून पाहता दीक्षेचे स्वरूप यात्रेहून मूलतः वेगळे आहे. येथे भाषा बाजूला ठेवलेली नाही. ती जाणीवपूर्वक निवडलेली आहे. त्रिशरण आणि पंचशील पालीत, तर बावीस प्रतिज्ञा सामान्य माणसाला कळेल अशा मराठीत. पालीमुळे झाडीपट्टीतील शेतमजुराचे नाते श्रीलंका, ब्रह्मदेश व सयाम येथील बौद्ध जगाशी जोडले गेले. मराठीमुळे आपण नेमके काय सोडतो आहोत आणि काय स्वीकारतो आहोत, हे त्याला कोणाच्या मध्यस्थीशिवाय समजले. जमलेला माणूस केवळ श्रोता नव्हता. प्रतिज्ञा उच्चारणारा तो स्वतः होता.

चंद्रपूरनंतर महिनाभरातच डॉ. आंबेडकर काठमांडू येथे भरलेल्या चौथ्या जागतिक बौद्ध परिषदेस गेले. तेथे २० नोव्हेंबर १९५६ रोजी त्यांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांची तुलना करणारे भाषण केले. अनेक देशांतील प्रतिनिधी, विद्वान आणि भिक्षू यांच्यासमोरचे हे विवेचन आणि चांद्याच्या मैदानावरील दीक्षा या दोन घटना साधारण पाच आठवड्यांच्या अंतराने घडल्या. त्यांना एकाच प्रवासाचे दोन टप्पे मानले तर परिषदेचा एक वेगळा अर्थ हाती लागतो. परिषदेत मांडायचा विचार आधी माणसांच्या जीवनात उतरलेला होता. परिषद ही त्या विचाराची सुरुवात नव्हती. ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. त्यामुळे चंद्रपूरचा सोहळा त्यांच्या अखेरच्या सार्वजनिक कार्यांपैकी एक ठरला.

१९७९ : एका जिल्ह्यात दोन संमेलने

मराठी साहित्य संमेलनाची परंपरा १८७८ मध्ये पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने भरलेल्या ग्रंथकार संमेलनापर्यंत जाते. १८८५ मधील दुसऱ्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण महात्मा जोतीराव फुले यांनी पत्र पाठवून नाकारले. शूद्रातिशूद्रांच्या दुःखाशी ज्यांच्या ग्रंथांचा मेळ बसत नाही, त्यांच्या सभेत सामील होण्यात अर्थ नाही, असा त्या पत्राचा आशय होता. म्हणजे संमेलनाच्या इतिहासाइतकाच संमेलनात कोण नाही या प्रश्नाचा इतिहासही जुना आहे.

१९७९ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ५३ वे अधिवेशन चंद्रपूर येथे भरले. अध्यक्षस्थानी कथाकार वामन कृष्ण चोरघडे होते. नागपूर जिल्ह्यातील नरखेड येथे जन्मलेले, गांधीविचाराने प्रभावित झालेले आणि मराठी लघुकथेला स्वतंत्र वळण देणारे चोरघडे हे विदर्भाचे लेखक होते. त्यामुळे या संमेलनाला प्रादेशिक अभिमानाचीही किनार होती. त्या वेळी चंद्रपूर जिल्हा अविभाजित होता. वरोऱ्यापासून सिरोंच्यापर्यंत पसरलेला हा जिल्हा महाराष्ट्रातील सर्वांत विस्तीर्ण जिल्ह्यांपैकी एक होता आणि त्याच्या दक्षिण टोकाचा रहिवासी जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा वारंगळला अधिक जवळचा मानत असे.

त्याच वर्षी, त्याच जिल्ह्यात, भद्रावती येथे पहिले आदिवासी साहित्य संमेलन भरले. मराठी वाङ्मयेतिहासात या दोन घटना सहसा वेगवेगळ्या प्रकरणांत नोंदवल्या जातात. पहिली अखिल भारतीय संमेलनाच्या सूचीत, दुसरी आदिवासी साहित्याच्या प्रकरणात. भूगोलाच्या दृष्टीने मात्र त्या एकाच जिल्ह्यातील, एकाच वर्षातील आणि फार तर तासाभराच्या अंतरावरील घटना आहेत. एका संमेलनाचा दुसऱ्यावर थेट परिणाम झाला, असे येथे सुचवायचे नाही. लक्षात घ्यायची गोष्ट ही की, एकाच भूमीवर साहित्याविषयी बोलण्यासाठी दोन स्वतंत्र मांडवांची गरज त्या काळी भासली होती.

भद्रावतीनंतर आदिवासी साहित्याच्या चळवळीने जोर धरला. विनायक तुमराम, भुजंग मेश्राम, उषाकिरण आत्राम, वाहरू सोनवणे यांच्या लेखनाने मराठी कवितेत नवा स्वर आणला. वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता तर मंच कोणाचा आणि वेदना कोणाची, या प्रश्नावरच उभी आहे. या कवींनी मराठीत लिहिले हे खरे. पण त्यांच्या मराठीत गोंडी, भिली आदी भाषांतील शब्द, दैवते आणि स्मृती यांना प्रवेश मिळाला. भाषिक दृष्ट्या पाहता ही मराठीत झालेली भर होती. तिची दखल घेण्यास मुख्य प्रवाहाच्या व्यासपीठांनी वेळ लावला.

१९७९ ते २०१२ : बदललेला प्रदेश

चंद्रपूरला दुसऱ्यांदा यजमानपद मिळण्यास ३३ वर्षे जावी लागली. या काळात प्रदेशाचे रूप पालटले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार चंद्रपूर जिल्ह्याची लोकसंख्या २२,०४,३०७ आणि गडचिरोलीची १०,७२,९४२ होती. गडचिरोलीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ३८.७ टक्के, तर चंद्रपुरात सुमारे १७.७ टक्के होते. विभाजनामुळे दूरच्या दक्षिण भागाला जिल्ह्याचे ठिकाण तुलनेने जवळ आले. परंतु सिरोंचा ते गडचिरोली हे अंतर तरीही २०० किलोमीटरहून अधिकच राहिले.

१९८० नंतर नक्षलवादी चळवळीने या जंगलात पाय रोवले आणि पोलीस व सशस्त्र दले यांच्यामध्ये आदिवासी गावांची कोंडी झाली. दुसऱ्या बाजूला चंद्रपूर औद्योगिक केंद्र बनले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये केलेल्या सर्वंकष मूल्यांकनात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चौथ्या स्थानी होते. याच नगरापासून जवळ १९५५ मध्ये स्थापन झालेले ताडोबा राष्ट्रीय उद्यान आहे, जे पुढे अंधारी अभयारण्यासह व्याघ्र प्रकल्प झाले. परिषदेसाठी येणारा पाहुणा बहुधा ताडोब्याची सफर करून जातो. ज्या ‘तारू’ या नावावरून ताडोबा हे नाव आल्याची परंपरा आहे, तो वाघाशी झुंजताना मृत्यू पावलेला आणि देव मानला गेलेला गोंड पुरुष होता. आणि बोटेझरी, नवेगाव, जामणी यांसारखी गावे २००७ नंतर याच जंगलातून बाहेर वसवली गेली. या दोन्ही गोष्टी सफरीच्या वाहनातून दिसत नाहीत.

या काळात ज्ञाननिर्मितीची नवी केंद्रेही उभी राहिली. वरोऱ्याचे आनंदवन आधीच होते. डिसेंबर १९७३ मध्ये हेमलकसा येथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून गडचिरोलीत ग्रामीण आरोग्यावर संशोधन सुरू केले आणि त्यांच्या नवजात बालकांच्या घरगुती काळजीविषयीच्या निष्कर्षांची दखल जागतिक वैद्यकशास्त्राने घेतली. झाडीबोलीच्या अभ्यासकांनी, विशेषतः डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी, बोलीचे व्याकरण, शब्दसंपदा आणि साहित्य यांवर काम केले व झाडीबोलीची स्वतंत्र संमेलने भरू लागली. धानाची कापणी झाल्यावर गावोगावच्या मंडईत रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटके तर कोणत्याही अनुदानाशिवाय तिकिटांवर जगत आली. वडसा हे त्यांचे केंद्र. या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ही त्या परंपरेची उशिरा झालेली नोंद म्हणावी लागेल.

पंच्याऐंशीवे संमेलन आणि नवे विद्यापीठ

फेब्रुवारी २०१२ मध्ये ८५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चंद्रपूर येथे कवी, कादंबरीकार व कोशकार वसंत आबाजी डहाके यांच्या अध्यक्षतेखाली भरले. त्याच्या काही महिने आधी, २७ सप्टेंबर २०११ रोजी, गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले होते आणि चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांतील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाकडून त्याच्याकडे आली होती. त्यामुळे या संमेलनाच्या वेळी प्रदेशातील अध्यापकवर्ग एका संक्रमणातून जात होता. विद्यापीठाला गोंडवाना हे नाव मिळाले. पण त्या नावामागच्या भाषेला अभ्यासक्रमात व वर्गात कोणते स्थान मिळणार, हा प्रश्न खुला होता.

२०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या २९ लाखांहून अधिक नोंदली गेली. सुमारे १५ लाख भाषक असलेली बोडो आणि तिच्याबरोबर संथाळी, मैथिली व डोगरी या भाषा २००३ च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत आल्या. गोंडी आली नाही. गोंडी भाषक महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा अशा अनेक राज्यांत विभागले गेल्याने कोणत्याही एका राज्यात ती निर्णायक राजकीय भाषा बनली नाही, हे त्याचे एक प्रमुख कारण. प्रत्येक राज्यात ती वेगवेगळ्या लिपीत लिहिली गेली. मसराम गोंडी आणि गुंजाळा गोंडी या लिप्यांना युनिकोडमध्ये अनुक्रमे २०१७ व २०१८ मध्ये स्थान मिळाले. २०१८ मध्येच विविध राज्यांतील गोंडी भाषकांनी अनेक कार्यशाळांतून एकत्र बसून तयार केलेला प्रमाण गोंडी शब्दकोश प्रसिद्ध झाला. एका राज्यातील गोंडाला दुसऱ्या राज्यातील गोंडाचा शब्द समजावा, यासाठी या कार्यशाळा होत्या. परिषद भाषेसाठी काय करू शकते, याचे हे अलीकडचे ठोस उदाहरण आहे.

याच्या उलट बाजूही आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. तिच्या मान्यतेचा प्रश्न पुढे वादाचा विषय झाला. मातृभाषेतून शिक्षण हा प्रत्येक साहित्य संमेलनाच्या ठरावांतील आवडता विषय. मराठी शाळा बंद पडू नयेत, ही मागणी रास्तच आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यावर ती अधिक बळकट झाली. परंतु ज्या तत्त्वावर मराठी भाषक ही मागणी करतात, तेच तत्त्व मोहगावच्या मुलालाही लागू होते. या तत्त्वाची कसोटी मुंबई-पुण्यापेक्षा चंद्रपूर-गडचिरोलीत लागते, कारण येथे मराठी ही एकाच वेळी जपायची भाषा आणि सत्तेची भाषा अशा दोन्ही भूमिकांत वावरते. जिवती तालुक्यात महाराष्ट्र आणि तेलंगणा या दोन्ही राज्यांचा दावा राहिलेल्या १४ गावांत मराठी व तेलुगू अशा दोन्ही माध्यमांच्या शाळा चालत आल्या आहेत. तेथील पालक भाषेची निवड अस्मितेइतकीच उपयोगाच्या हिशेबानेही करतो.

परिषदेचा आणखी एक नमुना : मेंढा (लेखा)

संमेलन आणि चर्चासत्र यांना पर्याय म्हणून नव्हे, पण तुलनेसाठी धानोरा तालुक्यातीलच मेंढा (लेखा) या गोंड गावाचा विचार करणे उपयुक्त ठरते. सुमारे १८०० हेक्टर जंगलावर २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणारे हे गाव. २०११ मध्ये तेथील ग्रामसभेने बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार प्रत्यक्ष वापरला. या यशाचे श्रेय गावकरी आपल्या अभ्यास गटांना देतात. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साहचर्यातून रुजलेली ही पद्धत साधी आहे. एखादा प्रश्न निघाला की गावकरी त्यावर बसून बोलतात. गरज असेल तर बाहेरच्या जाणकारालाही बोलावतात. अभ्यास गट निर्णय घेत नाही, निर्णय ग्रामसभा घेते आणि तो सर्वसहमतीने घेते.

या रचनेत बाहेरून आलेला विद्वान पाहुणा असतो, पण अध्यक्ष नसतो. त्याला विषय ठरवता येत नाही. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. चर्चा गोंडीत चालते आणि पाहुण्यासाठी मराठीत सांगितली जाते. म्हणजे अनुवादाची जबाबदारी यजमान घेतो आणि समजून घेण्याची जबाबदारी पाहुण्यावर येते. नेहमीच्या चर्चासत्रात हे नाते उलटे असते. तेथे यजमान गावाने पाहुण्याची भाषा, त्याचे विषय आणि त्याची परिभाषा समजून घ्यावी, अशी अपेक्षा गृहीत धरलेली असते.

समारोप

वरील विवेचनातून चार मेळावे समोर येतात. यात्रेने भाषेला बाजूला ठेवून माणसे एकत्र आणली. दीक्षेने भाषा जाणीवपूर्वक निवडून जमलेल्या माणसाला कर्ता केले. संमेलनाने एका भाषेचा उत्सव केला. पण १९७९ मध्ये त्याच जिल्ह्यात दुसरा मांडव पडल्याने त्या उत्सवाच्या कडा दिसल्या. अभ्यास गटाने पाहुण्याला श्रोत्याच्या जागी बसवले. यांपैकी कोणताही एक नमुना परिपूर्ण नाही. संमेलने आणि परिषदा निरुपयोगी आहेत, असा निष्कर्ष यातून काढणेही योग्य होणार नाही. ग्रंथव्यवहार, लेखकांच्या भेटी, तरुण अभ्यासकांचा आत्मविश्वास हे सर्व त्यांतूनच घडते. दूरच्या महाविद्यालयातील एकट्या अध्यापकाला तर त्यांचा आधार मोठा असतो.

तथापि या इतिहासातून यजमान महाविद्यालयांसाठी काही व्यावहारिक सूचना निघतात. या प्रदेशात भरणाऱ्या परिषदेचे किमान एक सत्र गोंडी, माडिया, झाडीबोली, तेलुगू वा बंगाली भाषक वक्त्यांचे असावे आणि अनुवादाची सोय आयोजकांनी करावी. या भाषांतून येणारे विद्यार्थी आपल्या वर्गांत आहेतच. दुभाषी म्हणून त्यांना उभे करणे हे त्यांच्या भाषेला दिलेले पहिले शैक्षणिक मूल्य ठरेल. स्थळदर्शनाच्या कार्यक्रमात व्याघ्रदर्शनाबरोबर परकोट, दीक्षाभूमी आणि लालपेठच्या मूर्ती असाव्यात व त्यांची माहिती स्थानिक अभ्यासकाने द्यावी. परिषदेच्या स्मरणिकेत त्या गावाविषयीचा एक तरी अभ्यासपूर्ण लेख असावा. या गोष्टींना फारसा खर्च लागत नाही.

चंद्रपूरचे परकोट बाहेरच्यांना अडवण्यासाठी बांधले गेले; नगराचा इतिहास मात्र सतत येणाऱ्यांचा आहे. गोंड राजे, तेलुगू व्यापारी, मराठी कारकून, मराठवाड्याचे यात्रेकरू, बंगाली निर्वासित, खाणीतला कामगार आणि आता निबंध घेऊन येणारा प्राध्यापक, हे सर्व त्याच द्वारांनी आत आले. त्यांपैकी ज्यांनी येथे काही दिले, ते येथली एखादी भाषा शिकले किंवा आपली भाषा येथे ठेवून गेले. परिषदेच्या निमित्ताने येणाऱ्या अभ्यासकाचे मूल्यमापनही, गुणांच्या तक्त्याबाहेर, याच निकषावर व्हावे.